स्क्रूचा दात बसवण्याआधी आणि बसवल्यावर

 मी आळ्याहून बोलतेय. माउलींनी ज्याच्या मुखातून वेद वदवले त्या रेड्याची समाधी जिथं आहे, तेच आमचं आळे, तालुका जुन्नर. बचत गटांची समन्वयक म्हणून गावातल्या आणि मळ्यांतल्या गटांच्या बैठकांना माझं जाणं असतं. आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, ही हप्ते आणि पासबुक सोडून दातांवर कुठं बोलायला लागली? पण बायांनो, हा विषय हप्त्यांतूनच निघालाय.

पूर्वी गटातून अंतर्गत कर्ज मागितलं जायचं ते शेळीसाठी, कांद्याच्या रोपासाठी, पोरांच्या फीसाठी, फार तर शिलाई मशीनसाठी. अलीकडे दातासाठी मागणाऱ्या येतात. दाढ काढायला किंवा दाढेत सिमेंट भरायला कोणी कर्ज मागत नाही, ते घरखर्चात भागतं. कर्ज लागतं ते स्क्रूच्या दाताला. रस्त्यावर बोर्ड असतात बघा, ‘फिक्स दात बसवून मिळतील’, तो हा दात. डॉक्टर त्याला इम्प्लांट म्हणतात. एका दाताला कोणी वीस हजार सांगतं, कोणी चाळीस. दोन-तीन दात म्हटले की गाईची किंमत झाली.

एका बैठकीत असाच अर्ज आला. एक वहिनी पटकन बोलून गेल्या, “दाताला कसलं कर्ज? ते काय दूध देणार आहेत?” सगळ्या हसल्या. अर्ज करणाऱ्या काकू हसल्या नाहीत. म्हणाल्या, “दूध नाही देणार. पण चार वर्षं झाली, मी भाकरी दुधात कुस्करून खाते. मला एकदा कांदा-भाकर चावून खायचीय.” त्यावर कोणी काही बोललं नाही. कर्ज मंजूर झालं. पण उठता उठता एका आजींनी विचारलं, “काय गं, ते लोखंड हाडात गंजायचं नाही का? त्याचा चुरा पोटात जायचा नाही का?”

आजी शाळेत गेलेल्या नाहीत, पण प्रश्न असा विचारला की जगभरातले दातांचे संशोधक आज त्याच्यावरच काम करतायत. त्या दिवशी बैठकीत उत्तर कोणाकडेच नव्हतं. मग मी दातांच्या डॉक्टरांना विचारलं, वाचलं, आणि जे समजलं ते आज सांगतेय.

आधी हा दात म्हणजे काय ते बघू. त्याचे तीन भाग. जबड्याच्या हाडात एक स्क्रू पिळून बसवतात, आपल्या दाताच्या मुळासारखा. त्याच्यावर हिरडीतून वर येणारा एक खुंट. आणि खुंटावर दातासारखी दिसणारी टोपी, म्हणजे कॅप. खुंट आणि खालचा स्क्रू यांना धरून ठेवणारा आणखी एक बारीकसा स्क्रू आत असतो. हा बारका स्क्रू लक्षात ठेवा, पुढं त्याचं काम आहे.

हाडातला स्क्रू लोखंडाचा नसतो, टायटॅनियमचा असतो. नाव परकं वाटतं, पण माल परका नाही. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी काळी वाळू दिसते, त्या वाळूत टायटॅनियमचं खनिज आहे. घराला लावतो त्या पांढऱ्या रंगातली पांढरी पूडही याच धातूची. विमानात तो वापरतात, कारण वजनाला हलका आणि सहजी गंजत नाही.

हा धातू हाडात रुजतो हे कळलं ते थोडं योगायोगानंच. स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क नावाचे डॉक्टर होते. १९५२ च्या सुमारास ते सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची छोटी डबी बसवून रक्त कसं वाहतं ते बघत होते. प्रयोग संपल्यावर डबी काढायला गेले तर ती निघेना. हाडानं तिला धरून ठेवलं होतं. दुसरा कोणी चिडला असता की महागाची डबी वाया गेली. या माणसानं विचार केला की दात का नाही असा बसवायचा? १९६५ मध्ये त्यांनी योस्टा लार्सन नावाच्या गृहस्थांना पहिल्यांदा असे दात बसवले. ते गृहस्थ २००६ मध्ये वारले, तोवर त्यांचे हे दात चालू होते. चाळीस वर्षं. म्हणजे नीट बसला, नीट सांभाळला, तर हा दात टिकतो. हे आधी सांगते, कारण पुढं चुऱ्याबद्दल बोलणार आहे आणि ते ऐकून कोणी घाबरून जायला नको.

आता हाड स्क्रूला धरतं कसं? आपला पाटा आठवा. पाटा गुळगुळीत झाला की त्यावर वाटण घसरतं, मिरची नुसती फिरते. मग टाकीवाल्याला बोलावून पाट्याला टाकी लावून घ्यायची. खरबरीत झाला की पाटा पकड धरतो. स्क्रूचंही तेच. सुरुवातीचे स्क्रू बऱ्यापैकी गुळगुळीत असत. नंतर कारखान्यात त्यांच्यावर बारीक खडीचा मारा करून आणि आम्लात बुडवून पृष्ठभाग खरबरीत करू लागले. डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक खळगे पडतात, हाड त्यात शिरतं आणि लवकर धरतं.

पण टाकी लावलेल्या पाट्यावर पहिलं वाटण आपण भाजीत घालतो का? नाही, फेकून देतो, कारण त्यात कच येते. तसंच, खरबरीत स्क्रू हाडात पिळताना घासला जातो आणि त्याचे अतिशय बारीक कण हाडात राहू शकतात. आणि खरबरीतपणाचा दुसरा तोटा असा की हिरडी खाली सरकून तो भाग उघडा पडला, तर त्याच्यावर घाण पटकन बसते आणि लवकर निघत नाही. टाकी लावलेला पाटा धुवायलाही घासणी जास्त लागतेच की.

पहिल्या दोन-तीन महिन्यांबद्दल एक गोष्ट डॉक्टर घाईत सांगायची राहून जाते. टोमॅटोच्या बांधणीसाठी आपण बांबू ठोकतो तेव्हा तो घट्ट असतो. मग पहिल्या पाण्यानं माती सैल होते, बांबू थोडा हलतो आणि माती बसली की परत पक्का होतो. स्क्रूही बसवल्या दिवशी पिळल्यामुळं घट्ट असतो. पण नंतर त्याच्याभोवतीचं दबलेलं जुनं हाड झिजतं आणि नवं भरतं. मधल्या काळात, साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, पकड थोडी कमी झालेली असते. दुखणं तर थांबलेलं असतं, म्हणून आपल्याला वाटतं झालं सगळं ठीक, आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी ऊस सोलायला बसतं. पूर्ण धरायला तीन ते सहा महिने लागू शकतात. तोवर त्या बाजूनं ऊस, चिक्की, फुटाणे, मटणातलं हाडूक बंद. यात्रा असो नाहीतर लग्न असो.

आता आजींचा प्रश्न, गंजायचं नाही का. आपल्याकडं पितळेच्या भांड्यांना कल्हई लावतात. कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक ठेवलं तर कळकतं, हिरवं पडतं, हे आपल्या आयांनी आपल्याला शिकवलंय. कल्हई म्हणजे पितळ आणि ताक यांच्यामधला पडदा. टायटॅनियमची गंमत अशी की त्याला कल्हईवाला लागत नाही. हवेतला किंवा पाण्यातला प्राणवायू लागला की त्याच्या अंगावर आपोआप एक पातळ थर धरतो. किती पातळ? केसाच्या जाडीचे दहा हजार भाग केले तर त्यातला एक भाग, इतका. ओरखडा पडला तर क्षणात परत धरतो. म्हणून तो गंजत नाही आणि शरीर त्याला परकं मानून बाहेर ढकलत नाही. त्या स्क्रूचं सगळं भलं या थरावर आहे.

मग चुरा येतो कुठून? थर परत धरतो हे खरं, पण निघालेला तुकडा जागेवर परत येत नाही, तो आजूबाजूला पडतो. एकदा-दोनदा निघाला तर काही बिघडत नाही. पण रोज घासत राहिलं, रोज थर निघत आणि धरत राहिला, तर कण साठत जातात. त्यात तोंड आंबट असेल तर आणखी. खाल्लेल्या गोडावर जंतू आम्ल तयार करतात, आणि दातांच्या फटीत ते तासन्‌तास बसून असतं. घर्षण आणि आम्ल एकत्र आलं की धातू जास्त झिजतो. अॅल्युमिनियमच्या पातेल्यात चिंचेचं सार ठेवून वर चमच्यानं खरवडत राहिल्यासारखं.

हे कण हिरडीत आणि हाडात गेल्यावर काय होतं? आपल्या रक्तातल्या काही पेशींचं काम कचरा गिळण्याचं असतं. त्या हे कण गिळतात, पण धातू पचत नाही. मग त्या आणखी पेशींना बोलावणं धाडतात, जागा सुजते, आणि सूज फार दिवस राहिली की शेजारचं हाड झिजायला लागतं. ज्यांच्या स्क्रूभोवती हिरडी सुजलेली, पू धरलेली होती त्यांच्या हिरडीत टायटॅनियमचे कण जास्त सापडलेत. पण ज्यांचं सगळं छान चाललंय त्यांच्याही हिरडीत थोडे सापडतात. कणांमुळं सूज आली, की सूज आल्यामुळं धातू झिजून कण सुटले, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. यात भर घालणारी मुख्य गोष्ट मात्र जुनीच आहे. हिरडीच्या कडेला साठणारी जंतूंची घाण. स्क्रूचा दात किडत नाही, पण त्याच्याभोवतीचं हाड मात्र जातं. आणि हे काही विरळा नाही. जगभरातल्या अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला तर स्क्रूचे दात असलेल्या पाच माणसांत साधारण एकाला हाड झिजण्याचा हा त्रास पुढं कधीतरी होतो.

कॅन्सर होतो का, असं एकीनं मला दबक्या आवाजात विचारलं. साठ वर्षं हे स्क्रू वापरात आहेत, त्यांच्यामुळं कॅन्सर होतो असं सिद्ध झालेलं नाही. मिश्रीनं होतो हे सिद्ध झालेलं आहे. विचारणारीच्या पदराला मिश्रीची डबी बांधलेली होती.

आता थोडं दातापासून लांब जाते, पण कारण आहे. धातूच्या चुऱ्यानं माणसाचं काय होऊ शकतं याचं मोठं प्रकरण आपल्या देशात खुब्याच्या बाबतीत घडलं. झिजलेला खुबा काढून कृत्रिम सांधा बसवतात, आपल्या नात्यागोत्यात कोणाला तरी बसवलेला असतोच. जॉन्सन अँड जॉन्सन या कंपनीच्या डेप्यू शाखेनं एएसआर नावाचा एक सांधा काढला होता. त्यात धातूची वाटी आणि धातूचाच गोळा, चालताना एकावर एक घासणारे. त्यांचा चुरा, कोबाल्ट आणि क्रोमियमचा, आजूबाजूच्या मांसात आणि रक्तात जाऊ लागला. वेदना, सूज, आणि पुन्हा ऑपरेशन. २०१० मध्ये कंपनीनं तो सांधा जगभरातून परत घेतला. भारतात सुमारे ४,७०० जणांच्या अंगात तो बसला होता. आपल्या महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं या प्रकरणात पोलिसांत तक्रार दिली. पुढं केंद्र सरकारनं २०१७ मध्ये समिती नेमली, तिनं प्रत्येक रुग्णाला किमान २० लाख रुपये भरपाई द्यावी असं सुचवलं. पण त्या वेळी एक अडचण पुढं आली. कितीतरी रुग्णांचा पत्ताच लागेना. कोणाच्या अंगात कोणता सांधा आहे हे त्या माणसालाच ठाऊक नव्हतं, दवाखान्यात जुने कागद नव्हते. भरपाई द्यायची म्हटली तरी द्यायची कोणाला?

दाताचा स्क्रू म्हणजे खुबा नव्हे, ही भीती कोणी डोक्यात घेऊ नका. त्याचा धातू वेगळा, आणि त्यात चालता-बोलता घासणारी वाटी नसते. मी हे सांगितलं ते त्या कागदासाठी.

कारण तो कागद नसल्यानं काय होतं ते आमच्याकडं घडलेलं आहे. दुसऱ्या एका गटातल्या काकूंनी कर्ज काढून दोन स्क्रूचे दात बसवले. दीड वर्ष छान गेलं. मग एक दात किंचित हलायला लागला. दुखत नव्हता, म्हणून त्या कांद्याच्या काढणीत राहिल्या, मग लेकीच्या बाळंतपणात. मघाशी म्हटलं ना, खुंटाला धरणारा बारका स्क्रू लक्षात ठेवा, तोच ढिला झाला होता. आपल्या कडबाकुट्टीचा एखादा नट ढिला पडला आणि तशीच मशीन चालवली, तर काय होतं? भोक मोठं होतं, काळा चुरा पडायला लागतो, आणि मग नवीन नटही त्यात बसत नाही. तोंडातही तेच. ढिला खुंट प्रत्येक घासाला खालच्या स्क्रूवर घासतो. त्यातून कण सुटतात आणि फटीत घाण शिरते ती वेगळीच.

काकू डॉक्टरकडं गेल्या तेव्हा तो दवाखाना बंद झालेला. दुसऱ्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, “कोणत्या कंपनीचा स्क्रू आहे?” काकूंना काय ठाऊक! प्रत्येक कंपनीच्या बारक्या स्क्रूचं माप वेगळं, तो पिळायचा पाना वेगळा. फोटो काढून, अंदाज बांधून, तीन ठिकाणी फिरून झालं. तोवर हिरडीतून पू यायला लागला होता आणि हाड बरंच खाली गेलं होतं. शेवटी स्क्रूच काढावा लागला. त्या दिवशी कर्जाचे सात हप्ते बाकी होते. तोंडात नसलेल्या दाताचे हप्ते काकूंनी एकही न चुकवता भरले. दवाखान्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण जागच्या जागी दहा मिनिटांत घट्ट झाला असता असा तो दात होता, एवढं डॉक्टरांनी मला सांगितलं.

म्हणून दात बसवायला जाल तेव्हा स्क्रूच्या खोक्यावरचं स्टिकर मागून घ्या. त्यावर कंपनीचं नाव, माप आणि लॉट नंबर असतो. लाजू नका, ‘डॉक्टर काय म्हणतील’ असं मनात आणू नका. गाईचा विमा उतरवताना आपण कानातल्या बिल्ल्याचा नंबर लिहून घेतो की नाही? वैद्यकीय साधनांसाठी आपल्या देशात १ जानेवारी २०१८ पासून वेगळे नियम लागू झालेत, त्यांच्याखाली खोक्यावर ही माहिती आणि परवान्याचा नंबर छापायचा असतो. चांगला डॉक्टर स्वतःहूनच कार्ड बनवून देतो. जो म्हणेल ‘तुम्हाला काय करायचंय ते’, त्याच्याकडं न बसवलेलंच बरं, असं माझं मत आहे.

आता रोजची निगा. मऊ ब्रश, साधी पेस्ट, दिवसातून दोनदा. राखुंडी, कोळसा, विटकरीची पूड, जाडं मीठ यातलं काहीही स्क्रूच्या दाताला नको, ही सगळी घासणारी मंडळी. दातांच्या फटीसाठी बाटली धुवायच्या ब्रशसारखा एकदम छोटा ब्रश मेडिकलमध्ये मिळतो, तो डॉक्टरांकडून माप विचारून घ्या. आणि बायांनो, बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन! जेवण झालं की हात आपोआप तिकडं जातो. स्क्रूच्या कडेनं लोखंडी टोक फिरवलं की थरावर ओरखडा आणि हिरडीला जखम. पिन साडीलाच राहू द्या.

दात साफ करून घ्यायला गेलात तर खुर्चीत बसल्या बसल्या सांगा, “डॉक्टर, हा दात स्क्रूचा आहे.” स्टीलच्या टोकानं तो भाग खरवडला तर धातू खरचटतो. त्यासाठी प्लास्टिकची वेगळी अवजारं मिळतात, मऊ पूड फवारून साफ करायची रीतही आहे. दात पक्के व्हावेत म्हणून दवाखान्यात काही वेळा फ्लोराइडची आंबट जेल लावतात, तीही स्क्रूच्या दाताला चालत नाही. रोजच्या पेस्टमधल्या फ्लोराइडची भीती बाळगू नका. वर्षातून एकदा तरी, जमलं तर दोनदा, दाखवून या. हलणं, ठणका, घासताना रक्त, हिरडीचा घाण वास, दाताची उंची वाढल्यासारखी वाटणं, यातलं काहीही झालं तर काढणी संपायची वाट बघू नका.

मिश्रीबद्दल वेगळं बोलते, कारण यात आपण सगळ्या एकमेकींना सांभाळून घेतो. “मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही” हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, दुसरं काही नाही. तंबाखूनं हिरडीला जाणारं रक्त कमी होतं, जिथं घोळवतो तिथली हिरडी मागं सरकते, आणि स्क्रूला धरायला हाडाला जोर राहत नाही. वर ती बोटानं रगडायची, म्हणजे घर्षण आलंच. चाळीस हजार तोंडात बसवून सकाळी त्याच्यावरच मिश्री रगडणं म्हणजे नव्या विहिरीत रोज पाटीभर माती टाकणं. सोडवत नसेल तर खरं सांगते, स्क्रूचा दात बसवू नका. कवळी करा. पैसे तरी वाचतील.

साखर असलेल्यांनी आधी तीन महिन्यांची सरासरी साखर तपासून घ्यावी. साखर ताब्यात असेल तर दात बसतो, नसेल तर जखम भरत नाही. हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची गोळी किंवा सहा महिन्यांनी, वर्षानं इंजेक्शन चालू असेल तर ते दाताच्या डॉक्टरांना सांगितल्याशिवाय खुर्चीत बसूच नका. त्या औषधांवर असताना जबड्याच्या हाडाची जखम चिघळू शकते. सासूबाईंना कोणतं इंजेक्शन दिलंय हे त्यांना माहीत नसतं, फाईल सुनेनं न्यावी.

आणि प्रत्येकीला स्क्रूच हवा असंही नाही. एखादी शेवटची दाढ गेली असेल आणि बाकीच्या दातांनी चावता येत असेल, तर मी तरी वीस हजार घालणार नाही. शेजारचे दात भक्कम असतील तर ब्रिज होतो. सगळेच दात गेलेल्या आजींची तक्रार बहुतेक खालच्या कवळीची असते. वरची टाळ्याला धरते, खालची बोलताना उड्या मारते. त्यांनी पूर्ण रांग स्क्रूची करायची गरज नाही. खाली पुढच्या बाजूला दोनच स्क्रू बसवून त्यावर कवळी बटणासारखी अडकवता येते, आणि रात्री काढून धुताही येते. २००२ मध्ये कॅनडातल्या माँट्रियलला जमलेल्या दंततज्ज्ञांनी दात गेलेल्या खालच्या जबड्यासाठी पहिला उपाय म्हणून हाच सुचवला होता. बोर्डावर हे लिहिलेलं नसतं, विचारावं लागतं. आपल्या जुन्नरकरांचे मुंबईला पाहुणे असतातच. तिथं बोरीबंदरजवळ सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात सरकारी दंत महाविद्यालय आहे, मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे. तिथं कवळी आणि ब्रिज बाहेरच्यापेक्षा कमी पैशात होतात, फेऱ्या मात्र जास्त पडतात. आधी तिथला सल्ला घेऊन मग ठरवलं तरी चालतं.

झिर्कोनियाचा पांढरा, धातू नसलेला स्क्रूही निघालाय. धातू नाही म्हणून धातूचे कण नाहीत, हे खरं. पण महाग आहे, बारीक असेल तर तुटायची भीती असते, आणि टायटॅनियमइतका जुना अनुभव त्याच्यामागं नाही.

आमच्या गटांनी आता दाताच्या कर्जासाठी थोडी पद्धत बसवलीय. अर्जाला दोन डॉक्टरांची अंदाजपत्रकं जोडायची, त्यात स्क्रू, खुंट आणि कॅप यांचे पैसे वेगवेगळे लिहून घ्यायचे, कारण काहीजण स्क्रूचा भाव सांगतात आणि कॅपचे पैसे नंतर मागतात. मंजूर रकमेतले हजार-दीड हजार पुढच्या वर्षीच्या तपासणीसाठी खात्यावरच राखून ठेवायचे. आणि दात बसला की स्टिकरचा फोटो सचिवांच्या फाईलला, एक झेरॉक्स घरच्या रेशनकार्डाच्या पिशवीत. त्या आजींचाही आता अर्ज आलाय, खालच्या कवळीला दोन स्क्रूंचा. अंदाजपत्रक एकच जोडलंय म्हणून बैठकीनं तो पुढच्या महिन्यावर ठेवलाय. येत्या बुधवारी आजींना घेऊन मी दुसऱ्या दवाखान्यात जाणार आहे. साखरेचा रिपोर्ट सूनबाई आणणार आहेत.

तुमच्या गटात असा अर्ज आला असेल आणि काही विचारायचं असेल तर रेडिओच्या पत्त्यावर चिठ्ठी पाठवा, मी बघते.